थांबण्याची खूण : सातपुड्याचे रक्त आणि रेणूंची कारागिरी

खानदेशातील मुसलमानांचा इतिहास लिहायला बसले की आपली लेखणी थाळनेरहून निघते आणि बऱ्हाणपूरला जाऊन थांबते. १३७० मध्ये फिरोजशहा तुघलकाने मलिक राजाला थाळनेरची जहागीर दिली. १३८२ मध्ये तो स्वतंत्र झाला. त्याच्या वारसांनी दोनशे वर्षांहून अधिक काळ तापीच्या खोऱ्यावर राज्य केले आणि १६०१ मध्ये अकबराने असीरगड घेतल्यावर ही सल्तनत संपली. या घराण्याने आपला शजरा हजरत उमर फारूक यांच्यापर्यंत नेऊन भिडवला होता, म्हणून ते फारूकी. हिंदुस्थानातल्या बहुतेक मुस्लिम राजघराण्यांना असा एखादा अरबी, तुर्की किंवा इराणी शजरा लागतच असे. राज्य तलवारीने मिळायचे, पण प्रतिष्ठा रक्ताने मिळते अशी समजूत होती.

त्याच थाळनेरच्या उत्तरेला सातपुडा उभा आहे. शिरपूरपासून चोपडा, यावल, रावेरपर्यंत त्याच्या पायथ्याशी जी गावे आणि पाडे आहेत, त्यांत पावरा, भिल्ल आणि तडवी राहतात. तडवी भिल्ल हे आपल्या समाजाचे खानदेशी वैशिष्ट्य. ते मुसलमान आहेत आणि आदिवासीही आहेत. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत भिल्लांच्या नोंदीतच 'तडवी भिल्ल' हे नाव येते. औरंगजेबाच्या काळात आपल्या पूर्वजांनी इस्लाम स्वीकारला, असे परंपरा सांगते. इंग्रजांनी १८२५ मध्ये धरणगावला भिल्ल पलटण उभी केली, १८८० मध्ये खानदेशचे गॅझेटियर छापले, भिल्लांच्या शाखा-उपशाखा मोजल्या, त्यांचे स्वभावही ठरवून टाकले. पण तडवींच्या घरात शजरा नव्हता, फर्मान नव्हते, बखर नव्हती. त्यामुळे आमच्या इतिहासलेखनातही त्यांना कधी एका परिच्छेदापेक्षा जास्त जागा मिळाली नाही.

या लोकांच्या रक्तातच एक तवारीख लिहिलेली आहे. ती वाचायला विज्ञानाला विसावे शतक लागले, आणि तिच्या एका पानाचा अर्थ अगदी अलीकडे, २०२५ मध्ये, लागला. तो कसा लागला हे सांगण्यासाठी हा लेख आहे. विषय रेणूंचा आहे, प्रयोगशाळांचा आहे. तरीही साहित्याच्या वार्षिकात तो यायला हवा असे आम्हाला वाटते, कारण त्यात माणसे आपली आहेत.

विळ्याच्या आकाराची पेशी

१९१० मध्ये शिकागोतील डॉक्टर जेम्स हेरिक यांनी एका रुग्णाची हकीकत प्रसिद्ध केली. रुग्ण वेस्ट इंडीजमधील ग्रेनेडा बेटावरून दंतवैद्यक शिकायला आलेला एक कृष्णवर्णीय तरुण होता. त्याच्या रक्तातल्या काही तांबड्या पेशी गोल नव्हत्या, विळ्यासारख्या वाकड्या होत्या. यावरून आजाराला सिकलसेल हे नाव पडले. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की दोष पेशीत नसून तिच्यातल्या हिमोग्लोबिनमध्ये आहे. पुढे व्हर्नन इन्ग्राम यांनी तो दोष नेमका कुठे ते शोधले. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसते, एवढाच फरक. डीएनएच्या भाषेत एका अक्षराची चूक. पण तेवढ्याने प्राणवायू कमी झाला की पेशी वाकते, ताठर होते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते. मग हाडे-सांधे असह्य दुखतात, रक्त कमी होते, प्लीहा निकामी होत जाते, कधी लहान वयातच अर्धांगवायूचा झटका येतो.

भारतात हा आजार प्रथम १९५२ मध्ये नोंदला गेला. लेहमन आणि कटबुश यांना तो निलगिरीच्या आदिवासींत सापडला. पुढे मध्य आणि पश्चिम भारतातल्या जमातींत त्याचा शोध सुरू झाला. महाराष्ट्रात हे काम ज्यांनी आयुष्यभर केले त्यांत पुण्याचे डॉ. सुदाम काटे यांचे नाव आदराने घ्यावे लागते. २०१९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या पाहण्यांतून दिसले की भिल्ल, पावरा, माडिया, परधान आणि ओतकर या जमातींत सिकलसेलच्या वाहकांचे प्रमाण २० ते ३५ टक्क्यांपर्यंत जाते. नंदुरबार हा राज्यातल्या सर्वाधिक रुग्णांच्या जिल्ह्यांपैकी एक. १ जुलै १९९८ पर्यंत तो धुळे जिल्ह्याचाच भाग होता, हे ध्यानात घेतले म्हणजे खानदेशचा वाटा कळतो.

वाहक म्हणजे ज्याला आई किंवा बाप यांपैकी एकाकडूनच हे जनुक मिळाले आहे. तो सहसा आजारी नसतो. दोन्ही बाजूंनी जनुक आले तर मूल रुग्ण होते. दोन वाहकांचे लग्न झाले तर प्रत्येक बाळंतपणात चारांत एक अशी रुग्ण मुलाची शक्यता असते. मग इतके घातक जनुक जमातीत टिकले कसे? याचे उत्तर १९५४ मध्ये अँथनी ॲलिसन यांनी पूर्व आफ्रिकेतल्या अभ्यासातून दिले. वाहकाला मारक हिवतापापासून बरेच संरक्षण मिळते. सातपुड्याच्या पायथ्याची जंगले हिवतापासाठी कुख्यात होती. त्या जंगलात ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या राहावे लागले, त्यांच्या रक्ताने जगण्याची ही किंमत मोजली. तडवी हे भिल्लच. कलमा पढल्याने माणसाचा दीन बदलतो, रक्तातले हिमोग्लोबिन बदलत नाही.

'अरबी' नावाचा एक तुकडा

आता या कथेत अरबस्तान येतो, आणि शजऱ्याचे वेड असलेल्या आपल्या मंडळींनी येथे जरा सावध व्हावे.

१९७२ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात पेरीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक निबंध आला. सौदी अरेबियाच्या पूर्व भागातल्या सिकलसेल रुग्णांविषयी तो होता. या रुग्णांचा आजार आफ्रिकी वंशाच्या रुग्णांपेक्षा पुष्कळच सौम्य होता आणि त्यांच्या रक्तात गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन नेहमीपेक्षा जास्त होते. पुढे ओरिसातल्या रुग्णांतही तसेच आढळले. १९८६ मध्ये कुलोझिक आणि सहकाऱ्यांनी या जनुकाच्या आसपासचा डीएनए तपासला. तेव्हा पूर्व सौदी अरेबिया आणि भारत येथल्या रुग्णांत गुणसूत्राचा एकसारखा तुकडा निघाला. आफ्रिकेत बेनिन, सेनेगल, बांटू अशा नावांचे वेगळे तुकडे होते. या तुकड्याचे नाव पडले 'अरब-भारतीय'.

हे नाव वाचून कुणाला वाटेल की सातपुड्याच्या पाड्यात अरबी रक्ताचा पुरावा सापडला. तसे काही नाही. हाच तुकडा ज्यांनी कधी इस्लाम ऐकलाही नव्हता अशा जमातींतही आहे. २०१८ मध्ये श्रायनर आणि रोटिमी यांनी संपूर्ण जनुकसंचांच्या अभ्यासावरून असा निष्कर्ष काढला की जगातली सगळी सिकलसेल जनुके एकाच, सुमारे ७,३०० वर्षांपूर्वीच्या घटनेतून आली असावीत. म्हणजे या तुकड्याचा प्रवास अरब आणि भिल्ल या शब्दांच्याही आधीचा आहे. तो फक्त एवढेच सांगतो की कतीफच्या खजुरीच्या बागेतला कामगार आणि धडगावच्या डोंगरातला पावरा यांचा कुठेतरी, फार मागे, एक सामाईक पूर्वज होता. फारूकींच्या शजऱ्यापेक्षा हा शजरा कितीतरी जुना आहे, आणि तो कुणालाही कुणापेक्षा मोठे ठरवत नाही.

या तुकड्याने आणखी एक ठेवा दिला. तो असलेल्या रुग्णांत गर्भाचे हिमोग्लोबिन पुष्कळदा १५ ते २० टक्क्यांच्या आसपास राहते. मोठ्या निरोगी माणसात ते एक टक्कादेखील नसते. याचा अर्थ खानदेशातला आजार निरुपद्रवी आहे असा नाही. भारतातही अतिशय तीव्र त्रास सोसणारे रुग्ण आहेत, विदर्भातले दवाखाने त्याला साक्षी आहेत. पण निसर्गानेच येथे एक इशारा देऊन ठेवला होता. गर्भाचे हिमोग्लोबिन चालू राहिले तर विळा बोथट होतो.

वाचणाऱ्याला थांबवणारी खूण

आईच्या पोटात असताना बाळाचे हिमोग्लोबिन वेगळे असते. त्यासाठी गॅमा नावाची जनुके काम करतात. जन्मानंतर काही महिन्यांत ती जवळजवळ बंद होतात आणि बीटा जनुक काम हाती घेते. १९४८ मध्ये जेनेट वॉटसन या बालरोगतज्ज्ञ बाईंनी निरीक्षण नोंदवले होते की सिकलसेलची नवजात बालके पहिले काही महिने ठीक असतात. त्यांना गर्भाचे हिमोग्लोबिन सांभाळत असते. ते संपले की दुखणे सुरू होते.

गॅमा जनुके नाहीशी होत नाहीत. ती प्रत्येक माणसात आयुष्यभर असतात, फक्त वाचली जात नाहीत. असे का होते? येथे डीएनएवरच्या खुणांचा विषय येतो. डीएनए चार अक्षरांत लिहिलेला असतो. त्यातल्या 'सी' या अक्षरावर पेशी कधी कधी एक छोटा रासायनिक गट चिकटवते. एक कार्बन आणि तीन हायड्रोजन, बस. याला मिथाइल गट म्हणतात आणि ही क्रिया म्हणजे मिथायलेशन.

आमच्या वाचकांना हे समजायला कठीण जाऊ नये. कुरआन शरीफच्या छापील प्रतीत ओळींवर बारीक खुणा असतात. 'मीम' दिसला की थांबायचे, 'ला' दिसला की थांबायचे नाही. या खुणा मजकुराचा भाग नाहीत, त्यांनी एकही अक्षर बदलत नाही. त्या वाचणाऱ्यासाठी आहेत. मिथाइल गटही तसाच. जनुकाच्या सुरुवातीला अशा खुणा दाटीने असल्या की पेशी सहसा ते जनुक वाचत नाही. पेशी दुभंगते तेव्हा नव्या प्रतीवरही त्याच जागी खुणा उमटवल्या जातात. असे काही असावे हा विचार १९७५ मध्ये रिग्ज यांनी, आणि स्वतंत्रपणे हॉलिडे व प्यू यांनी मांडला.

१९८० मध्ये व्हॅन डर प्लूग आणि फ्लॅव्हेल यांनी मानवी हिमोग्लोबिनच्या जनुकांवरच्या खुणा तपासल्या. जेथे जनुक चालू तेथे खुणा विरळ, जेथे बंद तेथे दाट. मग १९८२ मध्ये शिकागोत डिसिमोन आणि हेलर यांनी बबून माकडांना ॲझासायटिडीन हे औषध दिले. हे औषध खुणांची नक्कल होऊ देत नाही. माकडांत गर्भाचे हिमोग्लोबिन वाढले. त्याच वर्षी अमेरिकेत टिमोथी ले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते थॅलेसीमियाच्या एका रुग्णाला दिले आणि तेथेही गॅमा जागे झाले.

आता प्रश्न सुटला असे वाटले. पण सुटला नव्हता. ॲझासायटिडीन म्हणजे मशाल घेऊन किताबखान्यात शिरण्यासारखे होते. सगळ्या जनुकसंचावरच्या खुणा त्याने ढिल्या होतात, शिवाय ते पेशींना मारते, कर्करोगाची भीती वेगळीच. काही शास्त्रज्ञ म्हणाले, गॅमा वाढले ते खुणा पुसल्यामुळे नव्हे, अस्थिमज्जेला बसलेल्या धक्क्यामुळे. त्यांच्या बाजूला एक भक्कम मुद्दा होता. हायड्रॉक्सियुरिया हे औषध मिथाइल खुणांवर नेम धरत नाही, तरी त्यानेही गर्भाचे हिमोग्लोबिन वाढते. १९९५ मध्ये मोठ्या चाचणीत त्याचा फायदा सिद्ध झाला, १९९८ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली आणि आज आपल्याकडेही सिकलसेलचे तेच मुख्य औषध आहे.

म्हणजे खूण हे कुलूप आहे, की बंद खोलीत साचलेली धूळ? धूळ असली म्हणून खोली बंद होत नाही, खोली बंद असते म्हणून धूळ साचते. इतिहासाच्या अभ्यासकाला हा पेच ओळखीचा आहे. दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही. उत्तर मिळवायचे तर फक्त एका जागची खूण लावता किंवा पुसता आली पाहिजे, बाकी किताब जशाचा तसा ठेवून. तीनशे कोटी अक्षरांत एक जागा गाठायची आणि तेथेच हात लावायचा. असे हत्यार १९८२ मध्ये नव्हते.

दोन कारागिरांचे एक प्रथिन

हे हत्यार बनले ते दोन वेगळ्या प्रथिनांना सांधून. शास्त्रज्ञ त्याला फ्यूजन प्रोटीन म्हणतात, आपण जोडप्रथिन म्हणू. एक भाग पत्ता वाचणारा, दुसरा भाग खूण करणारा. दोघांची जनुके एकापुढे एक जोडली की पेशी त्यांचे एकच अखंड प्रथिन विणते. मध्ये लवचीक दुवा ठेवतात, म्हणजे पहिला पत्त्यावर बसला की दुसऱ्याचा हात शेजारच्या 'सी'पर्यंत पोचतो.

पत्ता वाचणारा भाग प्रथम बेडकाने दिला. १९८५ मध्ये केंब्रिजच्या आरन क्लूग यांच्या गटाला एका आफ्रिकी बेडकाच्या प्रथिनात जस्ताच्या अणूभोवती वळलेली बोटांसारखी रचना दिसली. अशी 'झिंक फिंगर' डीएनएची साधारण तीन अक्षरे ओळखते. बोटे एकापुढे एक लावली की लांब पत्ता वाचता येतो. खूण करणारा भाग दिला स्पायरोप्लाझ्मा नावाच्या जिवाणूने. त्याचे एक विकर, म्हणजे एन्झाइम, 'सी'पुढे 'जी' दिसेल तेथे मिथाइल गट लावते. १९९७ मध्ये कोलंबिया विद्यापीठात शू आणि बेस्टर यांनी या दोघांना जोडले आणि ठरवलेल्या जागी मिथायलेशन करून दाखवले. हेतुपुरस्सर, पत्ता लिहून, डीएनएवर खूण करण्याच्या इतिहासाची ही सुरुवात.

अडचण लगेच कळली. पत्ता वाचणारा भाग प्रामाणिक होता, पण खूण करणारा भाग उतावळा होता. तो पत्त्यावर पोचण्याआधीच वाटेत दिसेल त्या जागी शिक्के मारत जाई. जोडप्रथिनाच्या कारागिरीचा पुढचा बराच इतिहास या उतावळेपणाला लगाम घालण्याचा आहे.

एक उपाय असा की विकराची पकड मुद्दाम कमजोर करायची. डीएनएला ते स्वतः घट्ट धरू शकले नाही की पत्तेवाल्याने जेथे थांबवले असेल तेथेच काम करते. दुसरा उपाय अधिक चतुर. विकराचे दोन तुकडे करायचे, प्रत्येक तुकडा वेगळ्या पत्तेवाल्याला जोडायचा आणि हे दोन पत्ते शेजारी-शेजारी निवडायचे. एकटा तुकडा निकामी असतो. दोघे एकाच ठिकाणी भेटले तरच विकर पुरे होते आणि खूण उमटते. निकाहाला दोन गवाह लागतात, तसे. २००७ मध्ये नोमुरा आणि बार्बास यांनी हा मार्ग वापरला. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात मार्क ऑस्टरमायर यांच्या प्रयोगशाळेने असे दुभंगलेले विकर पिढ्यान्‌पिढ्या निवडत अधिक काटेकोर केले. आमचा शेतकरी बियाणे निवडतो तशीच ही निवड, फक्त वावर परीक्षानळीचे.

तिकडे पत्तेवालेही बदलत गेले. २००९ मध्ये वनस्पतींना रोग करणाऱ्या झँथोमोनास जिवाणूच्या प्रथिनांची लिपी उलगडली. त्यांत एक घटक एक अक्षर वाचतो. त्यांना 'टेल' म्हणतात. २०१२ नंतर क्रिस्पर आले आणि पत्ता लिहिणे फारच सोपे झाले. आता प्रत्येक पत्त्यासाठी नवे प्रथिन घडवायला नको, वीस अक्षरांची आरएनएची चिठ्ठी पुरे. क्रिस्परचे कॅस-९ प्रथिन डीएनए कापते. त्याची कापण्याची धार काढून घेतली तर ते पत्त्यावर जाऊन नुसते बसते. त्याला मानवी मिथाइल विकर जोडले की खूण लागते, टेट-१ हे विकर जोडले की खूण पुसण्याची क्रिया सुरू होते. २०१३ मध्ये टेल आणि टेट-१ यांच्या जोडप्रथिनाने खुणा पुसून जनुके जागी करता येतात हे दिसले. २०१६ मध्ये क्रोएशिया, इटली, अमेरिका अशा अनेक ठिकाणच्या गटांनी क्रिस्पर किंवा टेल वापरून खुणा लावण्याचे आणि टिकवण्याचे प्रयोग प्रसिद्ध केले. २०२१ मध्ये 'क्रिस्परऑफ' आले. त्यात एकदाच थोडा वेळ प्रथिन दिले, तरी लागलेली खूण पेशींच्या शेकडो विभाजनांनंतर टिकली. २०२४ मध्ये मिलानच्या गटाने उंदरांना एकच मात्रा देऊन कोलेस्टेरॉलशी संबंधित एक जनुक जवळजवळ वर्षभर बंद ठेवले. त्या प्रयोगात सर्वांत सरस ठरलेला पत्तेवाला पुन्हा जुनाच होता, झिंक फिंगर.

वादाचा निकाल

आता १९८० सालच्या प्रश्नाकडे परत यायला हरकत नाही. २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स विद्यापीठाच्या मर्लिन क्रॉसली यांच्या गटाने सहकाऱ्यांसह पत्ता वाचणारे हत्यार नेमके गॅमा जनुकांच्या दारावर पाठवले. खुणा पुसल्या तेव्हा गॅमा चालू झाले. पुन्हा खुणा लावल्या तेव्हा ते बंद झाले. डीएनएचे अक्षर बदलले नाही, धागा कापला नाही, सगळ्या किताबखान्यात मशाल नेली नाही. ४५ वर्षांच्या वादाचा हा निकाल होता. खूण ही धूळ नव्हती, कुलूप होते.

हे काम प्रयोगशाळेतल्या पेशींवरचे आहे, औषध होऊन दवाखान्यात यायला अजून मोठा रस्ता आहे. पण दिशा समजून घ्यावी. आज सिकलसेलवर जे जनुकीय उपचार मान्य आहेत, त्यांतला एक कापण्यावर उभा आहे. २००८ मध्ये विजय शंकरन आणि स्टुअर्ट ऑर्किन यांनी दाखवले की बीसीएल-११ए नावाचे प्रथिन गॅमा जनुकांना दाबून ठेवते. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेने 'कॅसजेवी' या उपचाराला मान्यता दिली. त्यात रुग्णाच्या अस्थिमज्जेच्या मूळपेशी बाहेर काढतात, बीसीएल-११ए चालवणारी कळ क्रिस्परने कापतात, रुग्णाची जुनी मज्जा तीव्र औषधांनी रिकामी करतात आणि सुधारलेल्या पेशी परत देतात. अमेरिकेत याची किंमत २२ लाख डॉलर ठेवली गेली. खूण बदलणाऱ्या जोडप्रथिनात कापण्याची गरज नाही, आणि लावलेली खूण पुसताही येते. चूक झाली तर माघारी फिरायचा रस्ता राहतो, हा त्याचा मोठा गुण.

आपल्या देशातही हालचाल आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्लीच्या आयजीआयबी या सरकारी संस्थेत घडवलेल्या 'बिरसा १०१' या क्रिस्पर उपचाराची घोषणा झाली. त्याचे तंत्रज्ञान पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटकडे देण्यात आले आहे. त्याला बिरसा मुंडांचे नाव दिले आहे, हे योग्यच झाले. या विद्येचा पाया महाराष्ट्रात १९६२ मध्येच घातला गेला होता. होमी भाभांच्या निमंत्रणावरून ओबेद सिद्दिकी यांनी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रेणवीय जीवशास्त्राचा विभाग सुरू केला. आपल्या मुलांना वैज्ञानिकांची नावे सांगताना आपण इब्ने सिनापाशी थांबतो. साठ वर्षांपूर्वी कुलाब्यात बसून जनुकांचा अभ्यास करणारा हा माणूसही सांगायला हवा.

पाड्याचा पत्ता

या सगळ्यातून खानदेशातल्या आपल्या लोकांनी काय घ्यायचे?

पहिली गोष्ट, तपासणी. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सिकलसेल निर्मूलनाचे अभियान सुरू केले. सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन असे त्याचे लक्ष्य आहे. रक्ताच्या थेंबावरची प्राथमिक चाचणी प्राथमिक आरोग्य केंद्रात होते, पक्के निदान पुढच्या चाचणीने होते. तडवी मुला-मुलींनी ती लग्न ठरण्याआधी करून घ्यावी. ज्या पूर्व सौदी अरेबियाशी आपल्या आदिवासींचा तो जुना तुकडा जुळतो, त्या देशाने २००४ पासून लग्नापूर्वी सिकलसेलची तपासणी सक्तीची केली आहे. निकाल काय आला तरी निकाह करायचा की नाही हे तेथेही जोडप्यावरच सोडलेले आहे. तपासणी शरियतीच्या आड येते असे म्हणणाऱ्यांना हे उदाहरण पुरेसे व्हावे. नात्यात लग्ने होतात अशा घरांनी तर हे अधिकच मनावर घ्यावे, कारण एकाच आजोबांचे जनुक दोन्ही बाजूंनी येऊ शकते.

दुसरी गोष्ट, वाहक असणे हा डाग नाही. वाहक मुलगी नाकारायची आणि वाहक मुलाची तपासणीच करायची नाही, हा दुटप्पीपणा आपल्या समाजात चालू नये. ज्या जनुकाने आपल्या पूर्वजांना हिवतापातून तारले त्याची शरम कसली?

तिसरी गोष्ट, रुग्णाने उद्याच्या जोडप्रथिनाची वाट पाहत आजचे औषध सोडू नये. हायड्रॉक्सियुरिया डॉक्टरांच्या देखरेखीखाली नियमित घेतले तर दुखण्याचे झटके कमी होतात. भरपूर पाणी, ताप आल्यास ताबडतोब दवाखाना, लसी वेळेवर, या साध्या गोष्टींनी आयुष्य वाढते. गाठायचे अंतर यावलच्या डोंगरातल्या पाड्यापासून जळगावच्या किंवा धुळ्याच्या सरकारी रुग्णालयापर्यंतचे आहे, आणि पावसाळ्यात ते जास्तच असते.

आणि एक हक्काची गोष्ट. ज्यांच्या सौम्य आजाराने वैद्यकाला गर्भाच्या हिमोग्लोबिनचा रस्ता दाखवला, ते लोक कतीफचे होते, ओरिसाचे होते, सातपुड्यातल्या भिल्ल-पावऱ्यांचेच भाऊबंद होते. हा उपचार जेव्हा तयार होईल तेव्हा तो प्रथम त्यांच्या दारात यावा, असे म्हणण्यात कसलीही याचना नाही. तीनशे कोटी अक्षरांत एका अक्षराचा पत्ता आज प्रथिनाला सापडतो. चोपड्याच्या वरच्या पाड्याचा पत्ता आरोग्य खात्याच्या वहीत असला पाहिजे, आणि तो आहे की नाही हे विचारण्याचे काम आपले आहे. खानदेशच्या मुसलमानांचा पुढचा इतिहास लिहिणाऱ्याने थाळनेर आणि बऱ्हाणपूर लिहून झाल्यावर या पाड्यांसाठीही पाने ठेवावीत.